पाच महिने मागची तारीख

रीस्टार्टमामाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि गंमत म्हणजे लोक त्याला त्यासाठीच बोलवायचे. कॉम्प्युटर अडला की घरातली माणसं घाबरतात. अशा वेळी बाहेरून कुणीतरी येऊन घाबरण्याऐवजी चिडलं, की बरं वाटतं. मामा आला की आधी मशीन बंद करून चालू करायचा, म्हणून हे नाव. मग वायरी हलवायचा, मग घरातल्यांना झापायचा. "स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचत जा जरा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र तो कधी वाचत नसे. बावीस वर्षं या धंद्यात घालवल्यावर वाचायचं काय, लाल दिसलं की कळतं, असं त्याचं म्हणणं. दिवसभर तो फोनवरून जगाला सल्ले वाटायचा, आणि काल कुणाला काय सांगितलं ते आज त्याच्या लक्षात नसायचं.

त्या दुपारी फोन आला तो थोरल्या बहिणीचा.

"ह्यांच्या ऑपरेशनचा मोबाइलवर निरोप आलाय," ताई म्हणाली. "पाचच्या आत हॉस्पिटलच्या वेबसाइटवर होकार द्यायचा. नाही दिला तर आपला नंबर पुढच्या माणसाला. आणि ती वेबसाइटच उघडत नाहीये."

भावोजींचा खुबा निकामी झाला होता. नाव नोंदवून आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत त्यांचं जग पलंग ते संडास एवढंच उरलं होतं. तेही भिंत धरून. आजचा नंबर हुकला की पुन्हा रांगेच्या शेपटाला. हॉस्पिटलला फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगे, आपण रांगेत सातवे आहात; मग सहावे, पाचवे, आणि मग फोन कट होई. ताईने तीनदा लावून पाहिला होता.

मामा पोचला तेव्हा सव्वातीन वाजले होते. घराची पुढची खोली म्हणजे ताईचं दुकान. मधोमध बारा सुयांचं एम्ब्रॉयडरी मशीन, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी, आणि कोपऱ्यात मशीनला जोडलेला कॉम्प्युटर. डॉक्टरांच्या कोटावर नावं, शाळांच्या शर्टांवर बोधचिन्हं, उशांच्या अभ्र्यांवर वेली, सगळं त्या कॉम्प्युटरवर आखून मशीनकडे जायचं. तीनशेच्या वर नक्ष्या ताईने स्वतः काढलेल्या होत्या. आतल्या खोलीतून भावोजींनी हाक मारली, "आलास का?" आणि मामा "आलो" म्हणत खुर्चीत बसला.

वेबसाइट उघडली. पांढरं पान, लाल खूण. मामाने मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा लाल खूण. 'तरीही पुढे जा' असं बटण असतं, ते शोधलं, तर या पानावर ते दिलेलंच नव्हतं.

"काय लिहिलंय ते वाचते," ताई मागून म्हणाली. "कनेक्शन सुरक्षित नाही. तुमचं घड्याळ मागे आहे असं..."

"घड्याळ बघितलं मी." कोपऱ्यात तीन वाजून चोवीस मिनिटं दिसत होती. मामाने मनगट पुढे केलं. "हे बघ, मिनिटाचाही फरक नाही. उगीच काहीही लिहितात."

ताई रिळांच्या फळीपाशी गेली.

मग मामाने राउटर काढून लावला, अँटिव्हायरस बंद केला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिलं, तिथेही तेच. आपल्या फोनवर ती साइट उघडली, तर ती लोण्यासारखी उघडली आणि तिने पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय?"

"मला काय माहीत? आठ महिन्यांपूर्वी टाकलेला. तो या कॉम्प्युटरवर आपोआप भरला जातो."

"लिहून ठेवायला काय होतं तुम्हा लोकांना?" मामा भडकला. विसरलेला पासवर्ड बदलायचा तर त्याचा ईमेलही याच कॉम्प्युटरवर, आणि तोही उघडेना. मामाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरून जुना कचरा साफ केला, पासवर्ड तेवढे जपून बाजूला ठेवले, आणि पुन्हा मशीन बंद-चालू केलं. लाल खूण.

सव्वाचार झाले. मामाने वेबसाइट बनवणाऱ्यांचा उद्धार केला, इंटरनेटवाल्यांचा केला, मग बहिणीकडे वळला. "तूच काहीतरी दाबलं असणार. खरं सांग, कशाला हात लावलास?"

ताई रिळांच्या फळीवरचा एक दोरा उगाच गुंडाळत होती. साडेचारला पाच कमी असताना ती म्हणाली, "तारीख बघ."

मामाने कोपऱ्यातल्या घड्याळावर माउसचा बाण नेला. वेळ बरोबर होती. तारीख पाच महिने मागची होती.

"हे कुणी केलं?"

"मी. रोज सकाळी करते. तूच सांगितलंस."

आणि मग त्याला आठवलं. पाच महिन्यांपूर्वी नक्ष्यांच्या प्रोग्रामची मुदत संपत आली होती. तो बनवणारी कंपनीच बुडालेली, मुदत वाढवून द्यायला कुणी शिल्लक नव्हतं, आणि ताईचं मशीन दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामचं ऐकत नव्हतं. मामाने दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये फोनवर सांगून टाकलं होतं, रोज जुनी तारीख टाक, आणि काही झालं तरी खरी तारीख त्याला दिसू देऊ नकोस. एकदा दिसली की तो, उघडलेला नसला तरी, कायमचा कुलूप लावून घेतो, मग मागे फिरवूनही उपयोग नाही. ताईने एकही दिवस न चुकवता ते पाळलं होतं; त्या कॉम्प्युटरवर इंटरनेटची गरज तिला पडलीच नव्हती. आणि प्रत्येक वेबसाइट आपल्या खरेपणाचं मुदतीचं प्रमाणपत्र दाखवते; हॉस्पिटलच्या साइटचं प्रमाणपत्र नवं, म्हणजे त्या जुन्या तारखेला भविष्यातलं, म्हणून कॉम्प्युटरला ती खोटी वाटत होती.

"मग तासभर बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चढलेलाच होता.

"वाटलं, तुला दुसरी काहीतरी वाट सापडेल. म्हणजे माझ्या नक्ष्या वाचतील."

भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस. ताईने त्याच्या हातातून माउस घेतला, खुर्चीच्या कडेला टेकून वाकली आणि स्वतःच आजची तारीख टाकली. पान उघडलं, पासवर्ड आपोआप भरला, होकाराचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला, सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी या.

"झालं का?" आतून भावोजींनी विचारलं.

"झालं," ताई म्हणाली. मग तिने नक्ष्यांच्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. एक छोटी चौकट आली, मुदत संपल्याची. तिने ती बंद केली, आणि एकदा परत उघडून पाहिली.

"ह्यांना सांगू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "ते म्हणतील, कशाला केलंस, पाय दुखतोच आहे, आणखी आठ महिने दुखला असता."

मामा हो म्हणणार होता. पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. पासवर्ड त्या ब्राउझरमध्ये साठवलेला होता. ज्या सेटिंगमध्ये तो मघाशी शिरला होता तिथेच यादी होती. एक टिचकी मारली असती, तर अक्षरं दिसली असती, ती आपल्या फोनवर टाकायची, संपलं. तारखेला कुणी हातही लावायची गरज नव्हती. दर आठवड्याला तो कुणा ना कुणाला हेच करून देत होता.

हे त्याच्याशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं. बावीस वर्षांत त्याने स्वतःवर एकही चूक घेतली नव्हती. खापर फोडायला नेहमी कुणी ना कुणी मिळायचं. त्याने खुर्ची ताईकडे वळवली.

"ताई, याची गरज नव्हती," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मग आधी का नाही सुचलं?"

"चिडलो होतो."

ती मशीनपाशी गेली, बारा सुयांवरून हात फिरवला आणि त्यावर कापड ओढलं.

"म्हणजे तीनशे नक्ष्या तुझ्या रागानं खाल्ल्या," ती म्हणाली.

"हो," मामा म्हणाला.