नाटकात हसलेली बाई

पॉडकास्ट म्हणजे काय, हे मला गेल्या वर्षापर्यंत नीट माहीत नव्हतं. मराठीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं, की डहाणूत इथल्याच लोकांनी बसवलेलं एक नाटक आहे, ते सगळ्यांनी बघायचं आणि मग दोघादोघांनी मिळून त्यावर दहा मिनिटांचं पॉडकास्ट करायचं. "नाटकाची गोष्ट सांगू नका, ती मी बघणारच आहे," त्या म्हणाल्या. "बघताना तुम्हाला काय झालं, ते सांगा." मी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. काही चुकू नये म्हणून मी सगळंच उतरवून घेते.

नाटक चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या एका बाईवर होतं. माझी आईही वाडीत चिकू तोडते. तलासरीच्या बाजूला आमचा पाडा आहे, तिथून जीप भरून बाया रोज डहाणूकडच्या वाड्यांवर जातात. आईला सहज सांगितलं, तर म्हणाली, "आमच्यावर नाटक? मग बघायलाच पायजे."

प्रयोग रविवारी दुपारी होता. आई वाडीतून परस्पर आली, सोबत आणखी तिघीजणी. हातांना चीक लागून काळे डाग पडलेले होते. मी तिला म्हटलं, "मागं बस हां, पुढं कॉलेजवाल्यांची जागा आहे." तसं काही नव्हतं. पुढच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या.

मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. नायिकेला वाडीतच निरोप येतो, की तिची आई गेली. ती हात वर करून झाडाचा चिकू तोडते आणि रडत रडत त्याचा चावा घेते. सगळे अगदी शांत होते. तेवढ्यात मागून मोठ्यानं हसू आलं.

"अगं बाय! तोंड चिकटलं ना हिचं!"

मग बाकीच्या तिघीही फिसकन हसल्या. लोक माना वळवून बघू लागले, कुणी "शूऽऽ" केलं. माझ्या शेजारी माझी पॉडकास्टमधली जोडीदारीण बसली होती, रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची मुलगी. तिनं विचारलं, "कोण गं ती?"

"माहीत नाही," मी म्हणाले आणि समोरच बघत राहिले.

खरं तर हसू मलाही आलं होतं. झाडावरचा चिकू कुणी खात नाही. तो दगडासारखा असतो आणि चिकानं ओठ चिकटतात. तोडून, धुऊन, घरात ठेवून पिकवावा लागतो. आमच्या पाड्यावर हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण मी ते हसू गिळलं.

दुसऱ्या दिवशी जोडीदारीण म्हणाली, "यार, मला नाटकातलं सगळ्यात जास्त काय आठवतंय सांगू? ती हसणारी बाई. आम्ही सगळे रडायच्या बेतात आणि ती हसतेय! आपण तिलाच शोधू."

मी म्हटलं, आपण प्रकाशयोजनेवर करू. मग म्हटलं, संगीतावर करू. दोन दिवस मी असं काहीबाही सुचवत राहिले. ती मात्र हॉलच्या वॉचमनकडे दोनदा जाऊन आली. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पायरीवर मला गाठून म्हणाली, "वाडीतल्या बाया होत्या त्या. तलासरीकडून जीपनं येतात. तुझ्याच बाजूच्या की! तू विचार ना कुणाला तरी."

आता आणखी एक खोटं बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

तिनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आणि मी त्या वॉचमनला चहा पाजत बसले, वेडे!" बस, एवढंच. त्या दिवशी खोटं का बोललीस, हे तिनं आजपर्यंत विचारलेलं नाही. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती आमच्या घरी आली. आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

"आये, नुसता आवाज घेणार आहोत. साडी कुणाला दिसणार?"

"मला दिसते ना!"

मोबाइल आईसमोर पाटावर ठेवला. जोडीदारणीनं विचारलं, "काकू, तुम्ही का हसलात?"

"ती बाय रडत होती चांगली. मलापण भरून आलतं. मग तिनं तो चिकू चावला. म्हटलं, आता ही रडंल कशी?" आई पुन्हा हसली. मग म्हणाली, "माझी आय गेली, तवा निरोप मला वाडीतच आलता. हातात चिकू होता. मी पयला तो नखानं खरवडून बघितला. आतून हिरवा, म्हंजे तयार नाय, असला घरीपण पिकत नाय. म्हटलं, कच्चा तोडला गं बाय, फुकट गेला. मग खाली बसले. वाडीतल्या बाईचा हात आधी काम करतो, मग रडू येतं."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"लोक वळून बघायला लागले तेव्हा?"

"पोरगी पुढं होती माझी. तिनं काय मान वळवली नाय. म्हटलं, लाजली असंल. म्हणून मी तोंडाला पदर लावला."

आईच्या आवाजात राग नव्हता. बाहेर कोंबडा आरवला, तोही रेकॉर्ड झाला.

एडिटिंग करताना जोडीदारणीनं हळूच विचारलं, "शेवटचं कापू का?" मी नको म्हटलं. मग सुरुवातीचं निवेदन मी करते म्हणाले. वर्गात मी कधी हात वर केलेला नाही, त्यामुळे असं बोलायची सवयच नव्हती. कितीतरी वेळा चुकले, तेव्हा कुठे ते वाक्य सरळ आलं: "नाटकात हसलेली बाई माझी आई आहे, आणि मी तिला ओळख दिली नाही."

वर्गात ते ऐकवलं तेव्हा मी बाकाकडे बघत होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे नायिकेला ऐकवायला हवं." ती भूमिका करणाऱ्या बाई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी ऐकलं आणि एका सुट्टीच्या दिवशी त्या चक्क आमच्या पाड्यावर आल्या. आईनं त्यांना चिकू हातात कसा धरायचा, नख कुठे लावायचं, ते दाखवलं. "जोरात नाय हो बाई, फळ हाय ते!" असं दरडावलंसुद्धा. एका शिक्षिकेला आई दरडावते आहे आणि त्या मान डोलावतायत, हे बघताना मला काय वाटलं, ते अजून नीट लिहिता येत नाही.

पुढचा प्रयोग तलासरीत झाला. आईला घेऊन मी दुसऱ्या रांगेत बसले. तो प्रसंग आला. निरोप ऐकून बाई थबकल्या, हातातला चिकू त्यांनी नखानं हळूच खरवडला, बघितला आणि मग खाली बसल्या. कुणी हललंसुद्धा नाही.

"हां, आता बरोबर," आई मोठ्यानं म्हणाली.

पुढच्या रांगेतले एक काका रागानं मागे वळले. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "माझी आई आहे. तिनंच शिकवलंय ते."