शेततळ्याची दोरी

हे मी सुनेला सांगितलं नाही. देवापुढं पुटपुटलेसुद्धा नाही. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायला तोंड लागतं, आणि ते माझ्याकडं नाही.

घरात टीव्हीच्या वर एक कप ठेवलेला आहे. दिसतो पितळेचा, आहे प्लास्टिकचा. साठीच्या पुढच्या बायांमध्ये पहिला नंबर. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं — एकामागं एक, मध्ये टेकायचं नाही. त्याला ट्रायथलॉन म्हणतात. सुनेनं तीनदा म्हणून घेतलं तेव्हा तोंडात बसलं. त्या कपाबद्दल सांगायचं आहे. म्हणजे कपाबद्दल नाही — शकीलाबद्दल.

शकीला हसनाबादची, मणियाराची बायको. नवरा गेला तशी तिनं त्याचीच सायकल घेतली, मागं बांगड्यांची पेटी बांधली आणि तीस वर्षं गावोगाव बांगड्या भरत फिरली. आमच्या केदारखेड्याला आली की पाणी माझ्याकडं प्यायची. माझ्या सुनेचा चुडा तिनंच भरला. सायकलवर तिला गाठील अशी बाई मी पाहिली नाही. मी वीस वर्षं दूध घातलं सायकलवर, पण तिच्यापुढं मी म्हणजे बैलगाडी.

माझं काम पाण्यातलं. वडिलांनी मला सात वर्षांची असताना विहिरीत ढकललं होतं.

सुनेनं फॉर्म माझ्या एकटीचा भरला होता. शकीलाला मीच ओढलं. तिला पोहता येत नव्हतं. दोन महिने शेजारच्या विहिरीत, पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधून मी तिला शिकवलं. पहिल्या दिवशी पायरीवर बसून पाण्याकडं बघत म्हणाली, "गोदे, दोघी मेलो तर माझं दफन अन तुझं जळण. एका दिवसात दोन मयती, गाव थकून जाईल ना."

विहिरीचा आमच्याकडं एक कायदा आहे. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पोहणारं लेकरूही तो जाणतं. ज्यानं दुसऱ्याला पाण्यात उतरवलं, त्यानं त्याच्या मागून बाहेर यायचं. आधी नाही. वडील थंडीनं काळेनिळे पडायचे, पण मी शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत पाण्यात उभे राहायचे. त्या दोन महिन्यांत मीही रोज शकीलाच्या मागून बाहेर आले. रोज. मग त्या एका दिवशी काय झालं?

काय झालं ते सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

पोहणं एका शेततळ्यात होतं. तुम्ही शेततळं पाहिलं नसेल तर — मोठा उतरता खड्डा, आत जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाणी हलत नाही, भीती वाटत नाही. पण बाहेर यायला पायाला काही लागत नाही. दोरी धरूनच वर यायचं. त्या दिवशी दोऱ्या सोडलेल्या होत्या. काठावर बुडणाऱ्याला काढायला जाकीट घातलेली दोन माणसं होती. विहिरीला पायऱ्या होत्या. दोरीनं चढायला मी शकीलाला शिकवलंच नव्हतं. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही — हे खरं आहे. पुढचं ध्यानात आलं होतं.

दोन फेऱ्या मारून मी पहिली बाहेर पडले. माझ्यामागं शकीलाच. तिनं तीच दोरी धरली. सलवार-कमीज भिजून जड झालेले, पाय घसरत होते. जाकीटवाले दोघं पलीकडच्या दोरीवर दुसऱ्या बाईला ओढत होते. शकीला म्हणाली, "गोदे, हात दे, जल्दी."

नंतर सगळ्यांना मी सांगितलं, कानात पाणी गेल्तं, ऐकू आलं न्हाई. सुनेला सांगितलं, शकीलाच्या लेकाला सांगितलं, शकीलालाही सांगितलं.

मी ऐकलं होतं. वळून पाहिलंही होतं. तिची नजर खाली, दोरीवर होती, म्हणून मी वळलेली तिला दिसले नाही. आणि मी काय विचार केला — घाबरले? गोंधळले? नाही. मी विचार केला, आता सायकल आहे. सायकलवर ही मला कापणार. अडकू दे जरा.

एवढंच. जरा. बुडू दे असं मनात नव्हतं — पण पाण्यात माणूस जरा अडकत नसतं, हे माझ्याइतकं त्या काठावर दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

मी सायकलवर बसले. मागं ओरडा झाला. पायडल थांबवलं नाही.

ती घसरून पाण्याखाली गेली. दोरी एका हातात तशीच धरून ठेवली होती, सगळा भार त्या हातावर आला. जाकीटवाल्यांनी काढली, जगली. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. बांगडी भरायला समोरचीचा पंजा दाबून धरावा लागतो, तेवढा जोर त्या हातात राहिला नाही. पेटी पलंगाखाली आहे. सायकल लेकानं भिंतीला टांगली.

केसही विंचरता येत नाहीत. दर शुक्रवारी ती न्हाते आणि मी हसनाबादला जाऊन तिची वेणी घालते. लोक म्हणतात, मैत्रीण असावी तर अशी. ती माझ्याकडं पाठ करून बसते आणि आल्यागेल्याला सांगते, "इच्या कानात पाणी नसतं ना, तर इनं परत उडी मारली असती. मला मालूम आहे." तेव्हा मी फणी थांबवत नाही. गुंता काढत राहते.

मागच्या शुक्रवारी तिनं विचारलं, तू आजकाल वहीत काय लिहून राह्यलीस? मी म्हणाले, आठवणी. ती म्हणाली, माझ्याबद्दल चांगलं लिही.

शकीला तिसरीपर्यंत शिकली, उर्दू शाळेत. मराठी तिला बोलता येतं, वाचता येत नाही.

ते माहीत होतं, म्हणूनच लिहिलं.