पूर्वेकडे पाहणारा कोंबडा

एव्हर्ट लुइत्येस बाउकेमा (जन्म १८५१, मृत्यू १९२३) हे आमच्या झुइडवेर गावच्या चर्चचे सेवक. घंटा वाजवणे, घड्याळाला किल्ली देणे आणि दर वसंतात मनोऱ्यावर चढून, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याला वंगण घालणे, ही त्यांची कामे. चर्चलगतचे घर त्यांना या कामापोटीच मिळाले होते.

१९११ साली चर्चच्या पंचांना बैठकीच्या खोलीसाठी चर्चचेच जलरंगचित्र हवे होते. मी शाळेचा मुख्याध्यापक. पट्टी लावून, विटा मोजून मी चित्र केले. एव्हर्टनीही एक केले. पंचांनी त्यांचे निवडले. माझा जळफळाट झाला.

पाद्रीसाहेब चित्रापुढे उभे राहून म्हणाले, "हे बंद दार म्हणजे आपलं मन. आणि हे कोरं आकाश, ही तर ईश्वराची कृपा!"

"निळा रंग संपला होता हो, साहेब," एव्हर्ट म्हणाले.

सगळे हसले. त्या हसण्यातही कौतुकच होते, आणि तेच मला सोसवेना. मी छडी उचलून चित्रातल्या धुराड्यावर टेकवली.

"धूर पूर्वेला चाललाय, म्हणजे वारा पश्चिमेचा. चोच वाऱ्याकडे हवी. इथं कोंबडा पूर्वेला बघतोय! दुसरीतलं पोरही असं चुकणार नाही."

"शिष्य पेत्रानं प्रभू येशूला नाकारलं, तेव्हा कोंबडा आरवला," पाद्री म्हणाले. "इथं कोंबड्यानंच पाठ फिरवली. केवढा अर्थ!"

"अर्थ कसला? बाहेर येऊन खरा कोंबडा बघा," मी म्हणालो.

एव्हर्ट पांढरे पडले. "राहू द्या ना, मास्तर. कॉफी निवतेय."

बाहेर पश्चिमेचा वारा टोप्या उडवत होता. वर कोंबडा पूर्वेकडे तोंड करून गंजून बसला होता.

"वंगण घालून तीन वर्षं झाली. गुडघे चढू देत नाहीत," एव्हर्ट पुटपुटले. "दिसलं तसं काढलं."

माझ्या चित्रातला कोंबडा नियमाप्रमाणे पश्चिमेकडे पाहत होता. रोज त्याच मनोऱ्याखालून जाऊनही मी कधी मान वर केली नव्हती. तरीही त्या क्षणी मला आनंदच झाला.

त्या कसुरीपायी एव्हर्टची नोकरी दुसऱ्याला गेली, घरही. एव्हर्ट बहिणीकडे राहिले. कोंबडा आता फिरतो. चित्र मात्र त्यांचेच टांगलेले आहे. ते वारल्यावर बहीण ट्रेन्त्ये त्यांची रंगपेटी मला देऊन गेली. "मास्तरांनाच दे म्हणाला, ते नेटकं काढतात." निळा कप्पा खरवडून स्वच्छ झालेला होता.

माफी मागायची राहिली, ती राहिलीच.