जैतुनांच्या मळ्यातले दोन दिवस

त्या दोन दिवसांत जलाल मुकादमला एका जागी बसलेलं पाहिलं असं कोणी म्हणत असेल, तर तो माणूस खोटं बोलतोय. सौदीतल्या तबूक शहराबाहेर जैतुनांच्या, म्हणजे ऑलिव्हच्या मळ्यात अबू नायफ या बदू म्हाताऱ्याच्या घराण्याचा जुना बंगला जलालने सुट्टीपुरता भाड्याने घेतला होता. असल्या घराला तिकडे इस्तिराहा म्हणतात, म्हणजे विसाव्याची जागा. आणि हा बाबा विसावा सोडून सगळं करत होता. फाटकाच्या कडीला तेल घालून झालं, एसीचा रिमोट उघडून झाला, गळका नळ तर त्याने असा पिळला की पाणीच बंद.

"अब्बा, इट्स लाइक इटली! सिट ना!" त्याची शाळकरी मुलगी दुआ झाडांखाली फोटो काढत ओरडली. जलालने झाडांकडे पाहिलंसुद्धा नाही.

हर्णैचा हा माणूस तबूकात मोबाईल दुरुस्त करता करता पिकला. मेलेला फोन जिवंत करायचा आणि तोवर गिऱ्हाइकाला अरबीत हसवत ठेवायचं, ही त्याची ख्याती. यंदा सरकारने ठरवलं, मोबाईलच्या दुकानांत सौदी माणसंच हवीत. कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर इथे राहायचा परवाना होता त्या मालकाने, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, महिनाअखेर खलास. तेव्हापासून जलालच्या तोंडाला कुलूप बसलं.

नोकरीचं दुःख होतंच, पण खरी धास्ती होती बायकोची, सुरैयाची. हर्णैच्या घरी थोरल्या दिराने तिला चारचौघांत नको ते सुनावलं होतं. या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं तिने तेव्हाच सांगून टाकलं. सुट्टीतही ती दापोलीला माहेरीच उतरायची. आता परतायचं म्हणजे त्याच उंबऱ्यात, आणि ते तिला विचारायचं कसं? फ्लॅटमध्ये जमेना म्हणून हा बंगला. काल सकाळी विचारणार होता, मग जेवणानंतर, मग चहानंतर. निघायची वेळ आली तरी गडी नळाशीच!

तिसऱ्या प्रहरी अबू नायफ बायकोला घेऊन निरोप द्यायला आला. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर मजलिसीत, म्हणजे बैठकीत, मध्ये पडदा. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने कहवा ओतला. जलालने तो इवलासा कप घेतला आणि ओठाला न लावताच खाली ठेवला. त्याचे कान आत, सुरैयाच्या हसण्याकडे होते.

अबू नायफ सावरून बसला. बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या टोळ्यांच्या रिवाजात पाहुण्याने भरला कप न पिता खाली ठेवला, म्हणजे त्याला काही मागायचं आहे, आणि ते मिळेपर्यंत तो पिणार नाही. जलालला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला भान नव्हतं, इतकंच.

"पी, जलाल. तुझं काम झालं असं समज," म्हातारा म्हणाला. "बोल, काय हवंय?"

"काही नाही, शेख! चुकून ठेवला."

"माझ्या घरात पाहुणा चुकून कप ठेवत नाही." आणि त्याने आत बायकोला हाक दिली, "उम्म नायफ, ऐक गं, पाहुण्याची काही मागणी आहे!"

आतलं हसणं थांबलं. सुरैया पडदा सारून दारात आली. तिच्या नवऱ्याने उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. "त्यांच्याकडे काय मागताय तुम्ही?"

जलाल उठला, बसला, पुन्हा उठला. "त्यांच्याकडे नाही गो. तुझ्याकडे. नोकरी गेली, सुरैया. महिनाअखेर सुटणार. हर्णैला जावं लागेल, भाईच्याच घरात, आपलं छप्पर होईस्तोवर. येशील?"

सुरैया दोन पावलं पुढे आली. "कधीपासून पोटात घेऊन फिरताय हे?"

"ईदपासून."

"आणि मला सांगायला बंगला लागला तुम्हाला?" ती अशी कडाडली की आतून उम्म नायफही धावत आली. राग खरा होता. त्याहून जास्त तिला त्या माणसाची कीव आली, जो दोन दिवस नळ पिळत फिरला होता.

अबू नायफला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. शब्द देऊन बसलेला म्हातारा कासावीस झाला. "काय मागतोय तो? सांग मुली, मी देतो."

सुरैयाने ओढणीने डोळे पुसले आणि आपल्या मोडक्यातोडक्या बाजारी अरबीत म्हणाली, "बाबा, त्याने माझ्याकडे मागितलं. मी दिलं."