गाण्यात सोडलेली जागा

देव मानणारा माणूस भुतेही मानत असणार, असे पुष्कळांना वाटते. माझे तसे नाही. आयुष्य संस्कृत शिकण्या-शिकवण्यात गेले, संध्या कधी चुकली नाही. पण मुंजा, चकवा असल्या गोष्टी निघाल्या की मी हळूच उठून जात असे. या सदरातले अनुभव वाचतानाही निम्म्याहून अधिक मला भीतीचे नाहीतर जागरणाचे प्रकार वाटतात. तरी हा एक लिहितो आहे... आता थकलो आहे, आणि त्या वेळी बरोबर असलेल्यांपैकी सांगणारा मीच उरलो आहे.

पन्नासचे दशक संपत आले होते. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळे चांदा जिल्ह्यातच मोडत असे. मी चांद्याच्या पाठशाळेत शिकवत होतो. माझा भाचा श्रीधर मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवी. एके दिवशी ती नोकरी सोडून तो माझ्याकडे आला.

त्याच्या मनात एक लाँग-प्ले रेकॉर्ड होती. रेकॉर्ड म्हणजे एक छोटे गाणे, एवढेच आम्हाला ठाऊक. याला अख्खी बाजू सलग हवी होती — आरंभी वेदपाठ, त्यातून राग, रागातून विजेवरची गिटार, आणि शेवटी भामरागडकडच्या माडिया बायकांचे गाणे. मुंबईच्या एका कंपनीने ‘आधी ऐकवा’ एवढेच म्हटले होते. जमले नाही तर पुन्हा सिनेमाच्या गाण्यांमागे तारा छेडत बसायचे, हे त्याने ठरवूनच टाकले होते.

मंत्र गिटारीशेजारी बसवणे मला रुचले नव्हते. पण त्याच्याकडे पाहून नाही म्हणवेना. आमच्याकडे पाठ जोडीने म्हणायची रीत होती. अर्धी ऋचा एकाने उचलायची, उरलेली दुसऱ्याने. माझी जोडी थोरल्या बंधूंशी, दादांशी. ते गेल्यापासून दोन्ही अर्धे मीच म्हणत आलो होतो. श्रीधरने आणलेल्या टेपरेकॉर्डरपुढेही तसेच म्हटले, मध्ये कुठेही न थांबता.

पावसाळ्यात तुटलेली वाट दिवाळीनंतर मोकळी झाली, तेव्हा आम्ही निघालो. आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकने, पुढे बैलगाडीने. सोबत आलापल्लीचा तिमाजी, किराणा दुकानदार. त्याला माडिया बोली येत असे.

“श्रीधरभाऊ, या पेटीले चारापानी काय लागते?” टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून त्याने विचारले.

“बॅटरी.”

“मंग माया बैलापेक्षा नखरेल आहे.”

भामरागडच्या अलीकडच्या एका गावात जानो नावाची म्हातारी होती. तिच्यासारखी गाण्याची ओळ उचलणारी त्या भागात कोणी नाही, असे तिमाजी सांगे. तिकडे एक बाई ओळ उचलते आणि समोरच्या रांगेतून दुसरी उत्तर देते. जानोला उत्तर देणारी तिची बहीण लाली. ती ऐन पावसाळ्यात, एक गाणे अर्ध्यावर असताना खोकल्याची उबळ येऊन वारली होती. तेव्हापासून जानो गायलीच नव्हती.

श्रीधरला तर एकटी जानोच हवी होती. उत्तराच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, आणि तिथे पुढे गिटार भरायची, असा त्याचा बेत.

“ते म्हनते, एकटीले काऊन गायले लावता?” तिमाजीने सांगितले. “उत्तर कोन देईन?”

“माझी गिटार देईल. मुंबईत.”

तिमाजीने हे त्यांच्या बोलीत सांगताच अंगणातल्या बायका खो-खो हसल्या. “थ्या म्हनून राह्यल्या, बाई इथी अन् जोडी मुंबईले... हे कसलं लगन!”

जानो हसली नाही. ती काही बोलली आणि तिमाजीने नजर खाली घातली. “म्हनते, गातो मी. पन जागा सोडली तं तिथी कोन येऊन बसन, हे मले इचारू नका.”

टळटळीत दुपार होती. तिने एक ओळ म्हटली आणि डावीकडे पाहत थांबली. मोहाच्या झाडाची पाने तेवढी सळसळत होती. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबून तिने पुढची ओळ उचलली. शेवटपर्यंत तसेच. लाली गेली त्या दिवशी अर्धे राहिलेले गाणे ते हेच, हे आम्हाला मागाहून कळले. त्या मोकळ्या जागांत आम्ही कोणी चकार शब्द ऐकला नाही.

दिवे लागायच्या वेळी परतीच्या वाटेवरच्या गाडीतळावर श्रीधरने टेप लावली. जानोची ओळ आली... आणि तिच्या पाठोपाठ दुसरी बाई गाऊ लागली. घोगरा, म्हातारा गळा, श्वास कमी पडणारा; सूर मात्र नेमका. श्रीधर तिमाजीवर उसळला.

“हा काय चावटपणा आहे?”

“भाऊ, माया गळा पाहा. बैल तरी माया आवाजाले वळखते का?” तो म्हणाला आणि पेटीपासून दूर, बैलांकडे जाऊन उभा राहिला.

रीळ नवे कोरे होते. वेष्टन माझ्यासमोर फोडले होते. दुसऱ्या सकाळी आम्ही परत जाऊन ते जानोला ऐकवले. ती पेटीजवळ सरकून बसली. शेवटच्या उत्तरानंतर बारीकसा खोकला आला, तेव्हा तिने पेटीवर तळवा ठेवला. “लाली,” एवढेच म्हणाली. मग तिमाजीकडे वळून काही बोलली.

“गानं पुरं झालं म्हनते. आता लाली निंगन.”

चांद्याला पोहोचून टेप लावली, तर जानोच्या ओळी होत्या आणि मधल्या जागा मोकळ्या. पानांची सळसळ तेवढी होती.

म्हणजे श्रीधरला हवे होते तेच हाती आले होते. तो गिटार घेऊन टेपपुढे बसे. जानोची ओळ संपे, बोटे तारांवर जात, आणि तशीच राहत. “मामा, तिथे कोणीतरी बसलेलं आहे हो,” तो म्हणे. अखेर त्याने त्या जागा तशाच ठेवून टेप मुंबईच्या कंपनीला दिली. गाणे मध्येमध्ये बंद पडते, असे सांगून कंपनीने ती परत केली. रेकॉर्ड निघाली नाही. श्रीधर पुन्हा सिनेमाच्या वाद्यवृंदात गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

तो आवाज यंत्रात शिरला कसा आणि निघून गेला कसा, याचा उलगडा मला झालेला नाही. जाणकारांना विचारले, शास्त्रांतही धुंडाळले.

पुढे एकदा एकटाच असताना मी माझ्या पाठाची टेप लावून पाहिली होती. काय ऐकू येईल म्हणून लावली, ते सांगायला नको. एकटा माझाच आवाज, आरंभापासून अंतापर्यंत. कुठे श्वासापुरतीही फट नव्हती. दादा येते, तर बसते कुठे?

त्या दिवसापासून अर्धी ऋचा झाली की मी थांबतो. दादांना लागे तेवढा वेळ. अजून कोणी उचललेली नाही. मग पुढच्या ऋचेचा माझा अर्धा म्हणतो, आणि पुन्हा थांबतो.