डबूचं दहावं

द्रौपदाबाय टीव्हीतल्या माणसांना जेवलात का म्हणून विचारायची. बातम्या देणाऱ्या बाईला विचारायची, मालिकेतल्या सासूला विचारायची, आणि क्रिकेटवाल्यांना तर बिचारे उन्हात उभे आहेत म्हणून परत परत विचारायची. उत्तर येत नाही हे तिला ठाऊक होतं. "इचारायचा काम आपला, सांगायचा काम त्यांचा," असं म्हणून ती पुन्हा सुपातले तांदूळ निवडायला लागायची.

ती आमची घरमालकीण. घणसोली गावात तिचं घर आहे. खाली ती, तिचा मुलगा नरेश आणि सून राहायची, वर आम्ही भाडोत्री. मी पाटणकडची. आमचे हे मार्केटात माथाडीचं काम करतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. नळाला पाणी आलं नाही तर मी रिकामी कळशी घेऊन बायच्या दारात नुसती उभी राहायची. ती आतूनच ओरडायची, "कोन? कमल का? काय गो, पानी नाय? मंग बोल ना! तोंडाला कुलूप लावून चावी गावाला ठेवून आलीस का?"

कुणी मला भाडोत्री म्हटलेलं तिला खपायचं नाही. "भाडोत्री नाय, आमचे घरची हाय ती," असं ती सांगायची. भाडं मात्र वेळेवर घ्यायची.

आता डबूबद्दल सांगायला हवं. तो एका इंग्रजी पिक्चरमधला यंत्राचा माणूस. पिक्चर हिंदीत करून दाखवायचे. एक लहान मुलगी आभाळात हरवलेली असते, तिचं यान पृथ्वीचा रस्ता चुकलेलं असतं, आणि हा यंत्राचा माणूस तिला सांभाळतो. तो बोलत नाही. त्याच्या छातीवर हिरवा दिवा आहे, तो नुसता लुकलुकतो. पिक्चरचं नाव आमच्यापैकी कुणाला नीट घेता यायचं नाही आणि यंत्राच्या माणसाचं तर त्याहून नाही. तो दिसायला तेलाच्या पत्र्याच्या डब्यासारखा, म्हणून बायने त्याचं नाव डबू ठेवलं. सगळी आळी मग त्याला डबूच म्हणायला लागली.

पहिला भाग बायने नवऱ्याबरोबर वाशीला मॉलमध्ये जाऊन पाहिला होता. म्हातारा जन्मात कधी तिला कुठे घेऊन गेला नव्हता. त्या दिवशी घेऊन गेला, वर मक्याच्या लाह्या दिल्या. दुसरा भाग येईपर्यंत म्हातारा गेला. त्याच्या दहाव्याला खाडीवर पिंड ठेवलं आणि माणसं मागे सरकायच्या आत कावळ्याने उचललं. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, काही इच्छा राहिली नाही. बाय मात्र घरी येऊन भांडी आपटत होती. "कायच इच्छा नव्हती? इतकी वर्षां माझे हातचा खाल्ला, जरा घुटमळायचा तरी! माझे टायमाला बगा. कावल्याला ताटकळत नाय ठेवला तर नावाची द्रौपदा नाय."

तिसरा भाग तिच्या घरीच टीव्हीवर लागला. आम्ही सगळे भाडोत्री खाली जमलो होतो. शेवटी यानाची ताकद संपते. मुलगी झोपलेली असते. डबू स्वतःच्या छातीतली बॅटरी काढतो आणि यानाला लावतो. यान पृथ्वीकडे निघतं. डबूचा हिरवा दिवा हळूहळू विझतो.

बायने हंबरडा फोडला. शेजारच्या दोन बाया काय झालं म्हणून धावत आल्या, आणि विचारायच्या आधीच रडायला बसल्या. मध्येच एकीने हळूच विचारलं, "कोन गेला?" नरेशने टीव्हीकडे बोट दाखवलं. ती उठून जाणार होती, पण बायने तिचा हात धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बायने जाहीर केलं, डबूचे दिवस घालायचे.

"आय, तो लोखंडाचा होता," नरेश म्हणाला.

"तुजा बा पन काय कमी लोखंडाचा नव्हता. त्याचा केला ना? त्या पोरीला काय कलतं? त्याचे मागे तिचेशिवाय दुसरा कोन हाय?"

नरेश भटजींकडे गेला तो खाली मान घालून. भटजी शांतपणे म्हणाले, "गोत्र?" नरेशने डोकं खाजवलं. भटजी म्हणाले, "ठाऊक नसेल तर कश्यप म्हणायचं, तशी सोय आहे." म्हणजे डबू कश्यप गोत्राचा झाला. ते ऐकून बायला बरं वाटलं. "बगा, चांगले घरचा होता."

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पिंडाशेजारी ठेवतात. बायने केळीच्या पानावर भाताशेजारी घड्याळाचे सेल मांडले. कावळे आले, लांबूनच मान वाकडी करून बघत बसले. ऊन चढायला लागलं. नरेश म्हणाला, "आय, ते सेल काढ, कावळे घाबरतात." बाय म्हणाली, "तो भात खात नव्हता. त्याचा जेवन ता हाय."

मग आळवणी सुरू झाली. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे, तो ओळखून शब्द द्यायचा. नरेश हात जोडून म्हणाला, "डबूभाऊ, पोरगी घरी पोचली. सुखरूप आहे." कावळा हलेना. सून म्हणाली, "तिची शाळा पण चालू झाली असेल." कावळा हलेना. मग बाय पुढे झाली. पदर खोचला, आणि म्हणाली, "डबू, तू दमलास. आथा तुला कोन उठवनार नाय. त्यांनी चौथा भाग काडला तरी माजे घरचा एक मानूस बगनार नाय. यो माजा शब्द."

कावळा आला. भात घेतला, सेलांना हात लावला नाही. बायने आमच्याकडे वळून बघितलं. लग्नात वरमाई बघते तसं.

काही वर्षं गेली. एके दिवशी भाजी घेऊन येताना बाय स्टेशनच्या भिंतीपाशी थबकली. मला म्हणाली, "कमल, तू चौथी शिकलेली हायस. वाच."

भिंतीवर मोठं पोस्टर होतं. काळं आभाळ, आणि मध्ये डबू, छातीवर हिरवा दिवा लागलेला. मी वाचलं, "तो परत येतोय."

"कोनी उठवला त्याला?" बाय इतक्या जोरात म्हणाली की रिक्षावाल्यांनी वळून बघितलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर सभाच भरली. नरेशचं म्हणणं, लोकांना हवा म्हणून काढतात. "आय, टेन्शन नको घेऊ. पब्लिकची डिमांड हाय."

"कोन पब्लिक? मना इचारला?"

"असं घरोघरी विचारत नाहीत गं."

"मंग लगनात कसा इचारतात, वाडू का म्हनून? पोट भरला का आपन पानावर हात आडवा धरतो. वाडणाऱ्याला समजाया पायजे, आनि जेवणाऱ्याला पन समजाया पायजे. यो पिक्चरवाला रिकामे पानावर पन वाडील आनि पान उचलून नेला तर भुईवर वाडील!"

"पण बघितल्याशिवाय कसं कळणार चांगला आहे का वाईट?"

"मेलेले माणसाला उठवला, त्यात चांगला काय असतंय?"

शब्द म्हणजे शब्द. तिने सांगून टाकलं, जो बघून येईल त्याला या घरात जेवण नाही. नरेश गुपचूप तिकिटं काढणार होता, पण त्या दिवशी घरात खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण होतं. बेत रद्द झाला.

पण बायचंच मन थाऱ्यावर राहिना. तांदूळ निवडताना मध्येच थांबायची. "बॅटरी कोनची टाकली असंल? जुनी का नवी?" पाणी भरताना म्हणायची, "त्याला ती पोरगी वळखली असंल का?" एकदा मला म्हणाली, "मना झोप नाय येत, कमल. मी त्याला शब्द दिला का कोन उठवनार नाय. आनि त्याला उठवला. आथा तो मनाच खोटी म्हनत असंल." हे ती हसून म्हणाली नाही.

मग एका दुपारी तिने मला खाली बोलावलं. दार लावलं. मला पाटावर बसवलं आणि तोंड कडक करून म्हणाली, "कमल, तू काय आमचे घरची नाय."

वाटलं, खोली सोडायला सांगते. डोळ्यांत पाणीच आलं.

"भाडोत्री हायस तू. कागद हाय ना आपला? मंग. मी शब्द दिला तो घरचे माणसाचा. भाडोत्र्याचा नाय." आणि तिने कनवटीचे पैसे काढून माझ्या हातात ठेवले. "जा. बग. आनि मना समदा येऊन सांग."

मी एकटी कधी मॉलमध्ये गेले नव्हते. सरकत्या जिन्यापाशी तर मी इतका वेळ उभी राहिले की पहारेकऱ्याने विचारलं, ताई, कुणाची वाट बघताय का? शेवटी साध्या जिन्याने चढले. आत गार होतं आणि खुर्ची मागे कलायची. मी पूर्ण पिक्चर पुढे वाकून बसले, न जाणो काही चुकलं तर.

परत आले तेव्हा बाय ओट्यावर बसलेली. सून दाराआड. नरेश गाडी पुसत होता, पण फडकं एकाच जागी फिरत होतं.

"बोल," बाय म्हणाली.

आणि मी बोलले. मलाच कळलं नाही कुठून आलं. यान कसं सापडलं, एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने नवी बॅटरी कशी घातली, मुलगी आता मोठी झाली आहे आणि लग्नाचं बघताहेत. खलनायक कसा चालतो ते मी उठून करून दाखवलं. दिवेलागण होऊन गेली. वरच्या भाडोत्रिणी जिन्यात येऊन बसल्या. मी थांबले की बाय म्हणायची, "मंग?"

"मग डबू उठतो, आणि बोलतो."

"काय करतो?"

"बोलतो, बाय. खूप बोलतो. जोक मारतो. आणि एका ठिकाणी नाचतो पण."

बायने पदर सारखा केला. मग तिने विचारलं, "दिवा लुकलुकतो का? पोरगी रडते तवा?"

मी आठवून बघितलं. "नाही, बाय. ती रडते तेव्हा तो गाणं म्हणतो."

बायने मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "तो डबू नाय," ती म्हणाली. "यो दुसरा हाय. डबा तोच, मानूस दुसरा. आपला तो गेला, त्याला कोनी उठवला नाय." मग नरेशकडे वळून, "फडका ठेव. आथा बगाया हरकत नाय. तो आपला कोन लागत नाय."

रविवारी सगळं घर गेलं. मलाही नेलं, आता मी पुन्हा घरची झाले होते. बाय पिक्चरभर मोठमोठ्याने नावं ठेवत होती. पुढच्या माणसाने वळून बघितलं तर त्याला विचारलं, जेवलास का. पण खलनायकाने त्या दुसऱ्या डबूला दरीत ढकललं तेव्हा सगळ्यांत आधी तीच किंचाळली. बाहेर पडताना मी म्हटलं, "बाय, तो तर आपला कुणी लागत नाही ना?" ती म्हणाली, "परके घरचा असला म्हनून काय त्याला पडू द्यायचा?"

त्यानंतर कुणी विचारलं तर ती सांगायची, चौथा भाग काढायलाच नको होता. आणि रात्री जेवण झालं की मला हाक मारायची, "कमल, तो खलनायक कसा चालतो ता दाव." थिएटरात स्वतः बघून आली होती, तरी तिला तो पिक्चर माझ्याच तोंडून ऐकायचा असायचा. "तू सांगतस तो बरा हाय," म्हणायची. मी सांगताना गाणी गाळायची आणि दिवा लुकलुकवायची, हे तिला चांगलं माहीत होतं.

बाय गेली ती झोपेत. दहाव्याला खाडीवर अख्खं गाव आलं. पिंड ठेवलं, शेजारी निवट्यांचं कालवण आणि मक्याच्या लाह्या. कावळे पुष्कळ होते, पण एक जवळ येईना. नरेशने सासरी गेलेल्या बहिणीला नीट बघीन म्हणून सांगितलं. कावळा येईना. मग जरा थांबून, घर तोडून जागा बिल्डरच्या टॉवरला देणार नाही, असंही तो म्हणाला. तरी कावळा आला नाही, तेव्हा नरेशच्या तोंडावर थोडं समाधान दिसलं असं मला वाटलं. ऊन तापलं. म्हातारी माणसं सावलीला सरकली. मला मात्र आतून हसू येत होतं. ताटकळत ठेवीन म्हणाली होती, ठेवत होती.

पण मग सून रडायला लागली, आणि मला राहवेना. एवढ्या पुरुषांमधून मी पुढे गेले. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "बाय, पाचवा भाग आला की मी बघून येईन. सगळा येऊन सांगेन."

कावळा आला. आधी लाह्या घेतल्या, मग भात.

घरी येताना नरेश माझ्या बाजूला चालत होता. हळूच म्हणाला, "वहिनी, एक सांगू? पाचवा निघणार नाही. चौथा पडला ना. कंपनीने सांगितलं, स्टोरी संपली."

माझे पाय तिथेच थांबले. बाय चौथा निघणार नाही म्हणून शब्द देऊन बसली होती, मी पाचवा निघेल म्हणून देऊन बसले. आता रोज भाजी आणायला जाते तेव्हा स्टेशनच्या भिंतीपाशी थांबते आणि सगळी पोस्टरं वाचते. पाचव्या भागाची गरज आहे का नाही ते शिकलेल्या लोकांनी ठरवावं. मला गरज आहे.