तिसरी धून

संगमनेरच्या कॉलेजला मी रोज दुधाच्या टेम्पोतून जायचो. टेम्पोवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. ते एका परदेशी गिटारवाल्याचा एकच अल्बम लावायचे. त्यात गाणारं कुणी नव्हतं, नुसती गिटार. तिसरी धून संपेपर्यंत ते डेअरीच्या दारातही कॅन उतरवू द्यायचे नाहीत.

"ओ गवई, दूध नासंल!" हमाल ओरडायचे.

एकदा मी म्हणालो, "काका, मी कॉलेज सोडतोय. इंग्रजीतलं काहीच कळत नाही."

"मला तरी ही गिटार कुठं कळायची? आधी निस्ता पत्रा वाजल्यागत वाटायचं. पन रोज ऐकली."

तिसरी धून लागली. त्यांची भेगाळलेली बोटं स्टिअरिंगवर हलत राहिली. मी उतरताना ते एवढंच म्हणाले, "उद्या सातला."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच रस्त्यावर उभा होतो.